घरांसाठी राखलेली जमीन उद्योगांना देऊ नका

प्रति,
मुंबईच्या विकास आराखड्यातील फेरबदल सुचवणारे, त्यांवर सुनावणी घेणारे आणि त्यांना मंजुरी देणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस

विषय: वसाहतीलगतचा मोकळा निवासी भूखंड औद्योगिक विभागात वर्ग करण्याच्या प्रस्तावाबाबत

महोदय, महोदया,

पूर्व उपनगरातील आमच्या वसाहतीला लागून असलेला एक मोठा मोकळा भूखंड निवासी विभागातून वगळून औद्योगिक विभागात समाविष्ट करावा, असा प्रस्ताव पुढे आला आहे. भूखंडाच्या तीन बाजूंना राहत्या इमारती आहेत. चौथ्या बाजूला रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे पुन्हा घरे, एक शाळा आणि एक दवाखाना आहे. मी यांपैकीच एका इमारतीत राहते आणि प्रस्तावावर माझी हरकत रीतसर नोंदवणारच आहे. परंतु हरकतीच्या अर्जात भूखंडाचा क्रमांक, अर्जदाराचे नाव आणि कारणाच्या चार ओळी यांपलीकडे फारसे काही मावत नाही, आणि मला जे म्हणायचे आहे ते या एका भूखंडापुरते नाही. भूखंडाचा क्रमांक मी येथे मुद्दाम देत नाही. असाच प्रस्ताव उद्या मुलुंड, गोवंडी, कांदिवली किंवा दहिसर येथे आला, तरी माझे म्हणणे तेच राहील.

आम्हाला असे सांगितले जाते की येथे धुराडी उभी राहणार नाहीत. मालाची गोदामे, थोडेफार पॅकिंग आणि जुळणीचे काम, कदाचित एखादे डेटा सेंटर, एवढेच मनात आहे आणि त्यांतल्या कशालाही प्रदूषणकारी म्हणता येणार नाही, असा युक्तिवाद आहे. जमीनमालकाच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. मात्र फेरबदलाच्या अधिसूचनेत कोणाचा हेतू लिहिला जात नाही. तिच्यात लिहिले जाते ते इतकेच, की अमुक नगर भूमापन क्रमांकाची जमीन निवासी विभागातून वगळून औद्योगिक विभागात समाविष्ट केली आहे. त्या दिवसापासून विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, 2034 (2034 पर्यंतच्या आराखड्यासाठीची बांधकाम व जमीनवापराची नियमावली) प्रमाणे औद्योगिक विभागात जे जे वापर अनुज्ञेय आहेत ते सर्व त्या जमिनीवर मागता येतात. आजचे गोदाम काही वर्षांनी विकले जाईल, भाडेकरू बदलेल, कंपनी बंद पडेल किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन होईल. जमिनीचा विभाग मात्र तोच राहील. नव्या मालकाला आमच्याशी एक शब्दही बोलण्याची गरज उरणार नाही, कारण नगररचनेचा प्रश्न त्याच्यापुरता आधीच सुटलेला असेल. अधिसूचनेत अटी घालता येतात हे मला ठाऊक आहे. पण अटींचे पालन होते की नाही हे पाहण्याचे काम शेवटी शेजारच्या रहिवाशांच्याच अंगावर येते, आणि तक्रार, पाहणी, नोटीस, खुलासा या चक्रात वर्षे निघून जातात. म्हणून प्रस्तावाचा विचार करताना पहिला उद्योग कोणता येणार हे विचारणे पुरेसे नाही. त्या विभागात नियमाने बसणारा सर्वांत त्रासदायक उद्योग तीन बाजूंच्या घरांना सोसेल का, हे विचारले गेले पाहिजे.

‘प्रदूषणकारी नाही’ या शब्दांचा नेमका आधार काय, हेही पाहण्यासारखे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 मध्ये उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा अशी वर्गवारी केली आणि प्रत्येक उद्योगाला एक प्रदूषण निर्देशांक दिला. त्या निर्देशांकात हवेत जाणारे उत्सर्जन, सांडपाणी, घातक कचरा आणि साधनसंपत्तीचा वापर यांचा हिशेब होतो. रात्रभर येणारे ट्रेलर, मागे घेताना वाजणारे त्यांचे भोंगे, फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग, लोखंडी शटरचा खडखडाट, हे त्या हिशेबात कोठेही येत नाही. कागदावर निर्धोक ठरलेले गोदाम तीन बाजूंच्या घरांची झोप कशी उडवू शकते, याचे उत्तर येथे आहे.

आता आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण विभाग बदलल्याने रहिवाशांच्या कायदेशीर हक्कांत काय फरक पडतो हे येथे आकड्यांत दिसते. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 अन्वये निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. औद्योगिक क्षेत्रात तीच मर्यादा दिवसा 75 आणि रात्री 70 डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. 45 आणि 70 यांतले अंतर ऐकायला पंचवीसच वाटते, पण डेसिबलचे माप सरळ चढत नाही. दर दहा डेसिबलमागे ध्वनीची ऊर्जा दसपट होते. पंचवीस डेसिबलची वाढ म्हणजे ऊर्जेत तीनशे पटींहून अधिक वाढ. कुंपणाच्या अलीकडे आमच्या शयनगृहात 45 आणि कुंपणापलीकडे काही मीटरवर 70, अशा दोन मर्यादा एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, तर वाद एकाच गोष्टीवर येऊन ठेपेल: ध्वनिमापक कोठे ठेवायचा? कारखान्याचा माणूस म्हणेल, माझ्या आवारात मोजा. आम्ही म्हणू, आमच्या खिडकीत मोजा. शिवाय याच नियमांप्रमाणे आवाज ठरलेल्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा त्याहून अधिक वाढला, किंवा रात्रीसाठी घातलेल्या निर्बंधांचा भंग झाला, तरच नागरिकाला प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. आज त्या भूखंडावरून रात्री मोठा आवाज आला तर निवासी क्षेत्राची मर्यादा आमच्या बाजूने उभी असते. विभाग बदलला की तोच आवाज नियमात बसू लागतो, आणि त्यासाठी यंत्राची जागा एक इंचही हलवावी लागत नाही.

याच नियमांतील तिसऱ्या नियमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे मी आपले लक्ष विशेष वेधू इच्छिते. विकास प्राधिकरणांनी आणि स्थानिक संस्थांनी नगररचनेचे काम करताना ध्वनिप्रदूषणाच्या सर्व बाजू हा जीवनमानाचा एक निकष म्हणून विचारात घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे आवाजाचा विचार कारखाना सुरू झाल्यानंतर पोलीस ठाण्यात व्हावा असे नियमकर्त्यांना अपेक्षित नव्हते. तो आराखडा आखताना, म्हणजे नेमका आपल्या टेबलावर व्हावा, असे अपेक्षित होते. प्रस्तावासोबत आवाजाचा असा काही अभ्यास जोडलेला आहे का? जोडलेला असल्यास तो रहिवाशांना पाहायला मिळावा. नसल्यास प्रस्ताव अपुरा आहे.

हवेच्या बाबतीत कायदा अधिक समंजस झालेला दिसतो. पूर्वी औद्योगिक भागासाठी हवेचे निकष सैल आणि निवासी भागासाठी कडक होते. 2009 च्या राष्ट्रीय मानकांनी हा भेद काढून टाकला आणि दोन्हींसाठी एकच मर्यादा ठरवली. पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी आता कोठेही घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅमच्या आत असली पाहिजे. वारा कुंपण मानत नाही हे त्यामागचे साधे कारण. मुंबईत हिवाळ्यात रात्री वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत साचते आणि डिझेलचा धूर पहाटेपर्यंत खालच्याच थरात राहतो. अवजड वाहनांची वर्दळ नेमकी याच वेळात असते. डेटा सेंटरला तर वीज क्षणभरही खंडित झालेली चालत नाही, म्हणून तेथे मोठमोठे डिझेल जनित्रसंच बसवलेले असतात आणि वीज गेली नाही तरी ते ठरावीक काळाने चालवून पाहावे लागतात. अशा सोयी उभारायला माझा विरोध नाही. त्या पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांपासून किती अंतरावर असाव्यात, एवढेच मी विचारते आहे.

मुंबईत घर घेताना सामान्य माणूस काय करतो, तेही आपण ध्यानात घ्यावे. जन्मभराची बचत आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते एका सदनिकेत घालण्यापूर्वी तो वकिलाकडे कागदपत्रे नेतो, मालमत्ता पत्रक पाहतो आणि जाणता असेल तर वास्तुविशारदामार्फत डीपी रिमार्क, म्हणजे त्या जागेबद्दल विकास आराखडा काय सांगतो याचा महापालिकेचा दाखला, मागवतो. शेजारची मोकळी जागा कोणत्या विभागात आहे, तिच्यावर कोणते आरक्षण आहे, रस्ता किती रुंद होणार आहे, हे त्याला त्या कागदावर दिसते. शेजारी निवासी विभाग आहे हे वाचल्यावर तो मनाशी धरून चालतो की आज ना उद्या तेथे इमारती येतील, आपला उजेड थोडा कमी होईल, गर्दी वाढेल. हे तो स्वीकारतो. शहरात राहायचे तर शेजार वाढणारच. पण तेथे कारखाना येऊ शकतो हे त्याला कोणत्याही कागदाने सांगितलेले नसते. विकास आराखडा हा शासनाने राजपत्रात प्रसिद्ध केलेला दस्तऐवज आहे, आणि लोकांनी त्याच्यावर विसंबून घरे घेतली आहेत. आराखडा काळानुसार बदलावा लागतो, हे मान्य. पण ज्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला त्यांना बसणारा फटका कोणत्या सार्वजनिक गरजेसाठी आहे, हे बदल करणाऱ्याने स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. ‘जमीन मोकळी पडून आहे’ हे कारण त्यासाठी पुरत नाही. जमीन मोकळी राहिली ती शेजाऱ्यांमुळे नव्हे.

या शहराच्या जमिनीचा इतिहास पाहिला तर हा प्रस्ताव अधिकच अनाकलनीय वाटतो. उद्योग दाट वस्तीपासून दूर न्यावेत, हे राज्याचे अनेक दशकांचे धोरण आहे. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यासारख्या नियोजित औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. पुढे प्रादेशिक आराखड्याने आणि उद्योगस्थान धोरणाने मुंबईत नव्या मोठ्या उद्योगांना आळा घातला. दुसऱ्या बाजूने मुंबईतल्या औद्योगिक जमिनी घरांसाठी आणि कार्यालयांसाठी खुल्या करण्यात आल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 57 व्या नियमाने औद्योगिक जमिनीचा निवासी वापर शक्य केला, 58 व्या नियमाने कापड गिरण्यांच्या जमिनींचे मालक, महापालिका आणि म्हाडा यांच्यातील विभाजन ठरवले, आणि 2001 मधील बदलानंतर महापालिकेच्या व म्हाडाच्या वाट्याला किती थोडी जमीन राहिली हे सर्वज्ञात आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरून कुर्ल्याहून मुलुंडपर्यंत जा, किंवा साकीनाका आणि मरोळचा फेरफटका मारा. जेथे कारखान्यांची लांबच लांब कुंपणे होती तेथे आज मनोरे आणि मॉल उभे आहेत. शहराला औद्योगिक जमीन हवी आहे असे आज शासनाचे मत झाले असेल, तर उरलेल्या औद्योगिक जमिनीचे निवासी जमिनीत होणारे रूपांतर आधी थांबवावे लागेल. एका टोकाला औद्योगिक जमीन घरांसाठी देत राहायची आणि दुसऱ्या टोकाला घरांच्या मधोमध असलेली निवासी जमीन उद्योगांना द्यायची, यात मला कोणतेही नियोजन दिसत नाही. प्रत्येक जमीनमालकाला त्या त्या वेळी जो भाव चढा दिसला त्याप्रमाणे नकाशा रंगवत गेल्यासारखे ते दिसते.

या ठिकाणी एक आक्षेप येतो आणि तो मला गांभीर्याने घ्यावासा वाटतो. मुंबईचा मराठी माणूस गिरणीच्या भोंग्यावर उठला, गिरणीच्या भिंतीला टेकलेल्या चाळीत वाढला. मग आजच उद्योगाचा शेजार एवढा नकोसा का झाला, असे विचारले जाते. गिरणगावाबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अडीच लाख कामगारांच्या संसारांचे काय झाले हे माझ्या पिढीने जवळून पाहिले आहे. पण चाळ गिरणीजवळ असण्याला एक अर्थ होता. पाळीचा कामगार चालत कामावर जात होता, आणि ज्या यंत्राचा आवाज घरात येत होता त्याच यंत्रावर त्या घरातला कोणीतरी पगार मिळवत होता. त्या शेजाराची किंमतही त्याने मोजली. कापसाच्या तंतूंनी फुप्फुसे निकामी होण्याच्या आजाराला बिसिनोसिस हे नाव वैद्यकशास्त्राने दिले आहे. आज आमच्या शेजारी येऊ घातलेल्या गोदामात किंवा डेटा सेंटरमध्ये जमिनीच्या मानाने माणसे अगदी थोडी लागतात, आणि त्यांत आमच्या वस्तीतल्या मुलांना किती जागा मिळतील याचा एकही आकडा कोणी पुढे ठेवलेला नाही. रोजगाराचे कारण द्यायचे असेल तर रोजगाराचे आकडे द्यावेत, आणि तो रोजगार रिकाम्या पडलेल्या औद्योगिक गाळ्यांत का निर्माण होऊ शकत नाही, हेही सांगावे.

घरे आणि कारखाने एकमेकांना भिडले की काय होते, हे पाहायला मुंबईकराला लांब जावे लागत नाही. डोंबिवलीची एमआयडीसी वसली तेव्हा भोवती मोकळी जमीन होती. मग वस्ती वाढली, निवासी विभाग आणि कारखाने यांच्यामधले अंतर नाहीसे झाले. 26 मे 2016 रोजी तेथील एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात 12 जणांचा मृत्यू झाला. 23 मे 2024 रोजी पुन्हा तसाच भीषण स्फोट झाला, दहाहून अधिक जण दगावले आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्यानंतर अतिधोकादायक कारखाने तेथून हलवण्याची घोषणा राज्य शासनाला करावी लागली. आमच्या भूखंडावर रसायने येणार आहेत असे मी म्हणत नाही. पण डोंबिवलीत अंतर मिटायला काही दशके लागली आणि ते मिटवल्याचा दोष वाढत्या वस्तीला देता आला. येथे घरे आधीपासून आहेत. अंतर नसलेल्या जागी उद्योग आणला जाणार आहे, तोही शासनाच्या सहीने.

चेंबूरजवळच्या माहुलचे उदाहरण याहून जवळचे आहे. तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी वसलेल्या माहुल आणि अंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला तेथील हवेमुळे धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये नमूद केले. तरीही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर हजारो कुटुंबांना तेथेच पाठवण्यात आले. लोक आजारी पडू लागले, रस्त्यावर बसले, न्यायालयात गेले. अखेर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या कुटुंबांवर माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही, त्यांना अन्यत्र घर द्यावे किंवा भाड्यापोटी दरमहा 15,000 रुपये द्यावेत. या प्रकरणात प्रशासनाच्या म्हणण्यातला एक मुद्दा हा होता: प्रकल्पग्रस्तांसाठी दुसरीकडे घरे उपलब्ध नाहीत. ज्या शहरात घरांसाठी जागा नाही म्हणून माणसांना कारखान्यांच्या सावलीत पाठवले गेले, त्याच शहरात घरांसाठी राखलेली जमीन आता उद्योगांना द्यायची, याचे समर्थन कोणत्या शब्दांत केले जाईल हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. आमच्या शेजारच्या भूखंडावर प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहणार असतील तर मी स्वतः त्यांच्या बाजूने उभी राहीन. आमच्या वसाहतीतील सर्वांचे तसे मत नाही, हे मला माहीत आहे. तरी निवासी जमिनीवर माणसांची घरे यावीत, ती कोणाचीही असोत, या भूमिकेवर मी ठाम आहे.

आता कार्यपद्धतीबद्दल. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली मंजूर आराखड्यात फेरबदल करता येतो, परंतु त्या फेरबदलाने आराखड्याचे स्वरूप बदलता कामा नये, अशी मर्यादा त्याच कलमाने घातली आहे. राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या मुदतीत कोणाही व्यक्तीच्या हरकती व सूचना मागवाव्यात, फेरबदलाने बाधित होणाऱ्या सर्व व्यक्तींवर नोटीस बजावावी, त्यांना सुनावणी द्यावी आणि मगच प्रस्ताव शासनाकडे मंजुरीसाठी पाठवावा, असा क्रम तेथे घालून दिला आहे. ‘बाधित व्यक्ती’ म्हणजे केवळ जमीनमालक, असा अर्थ लावला जाऊ नये. तीन बाजूंच्या इमारतींतील कुटुंबांहून अधिक बाधित कोण असेल? प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर, मराठीत, नकाशासह ही नोटीस लागली पाहिजे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली सूचना, जिच्यात सर्व्हे क्रमांक आणि विभागांची आद्याक्षरे यांपलीकडे काही नसते, ती वाचून आपल्या खिडकीसमोर काय होणार आहे हे किती जणांना उमगेल? एक महिना हा मुळातच थोडा अवधी आहे. त्यातले पहिले तीन आठवडे सूचना निघाली आहे हे कळण्यातच जातात.

नागरिकांच्या हरकतींनी काही होत नाही, असे अनेकांना वाटते. माझे तसे मत नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबईचा प्रारूप विकास आराखडा त्यातील चुकांमुळे आणि लोकांच्या हरकतींमुळे एप्रिलमध्ये मागे घेऊन पुन्हा तयार करावा लागला होता. आज लागू असलेला आराखडा त्या दुरुस्तीतून, म्हणजे असंख्य मुंबईकरांच्या श्रमांतून निघाला आणि 2018 मध्ये मंजूर झाला. इतक्या लोकांनी तपासलेला नकाशा एकेका भूखंडाच्या फेरबदलाने तुकड्यातुकड्याने बदलत गेला, तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 1991 मध्ये बंगळूरच्या एका वसाहतीतील उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्दबातल ठरवला होता आणि असा बदल अडवण्याचा अधिकार तेथील रहिवाशांना आहे हे मान्य केले होते. तेथे तर येणार होते रुग्णालय, ज्याच्या उपयुक्ततेबद्दल दुमत होण्याचे कारण नव्हते.

जमीनमालकावर अन्याय व्हावा अशी माझी इच्छा नाही. निवासी विभागात त्याला बांधकाम करता येते. घरे, दुकाने, शाळा, दवाखाना असे अनेक वापर त्याला आजही नियमाने खुले आहेत. त्याची अडचण रस्त्याची असेल, परवानगीची असेल, बाजाराची असेल, तर ती सोडवण्यासाठी शासनाने जरूर मदत करावी. त्या अडचणीवर उतारा म्हणून विभाग बदलू नये.

माझी मागणी सरळ आहे. हा प्रस्ताव फेटाळावा. त्यापुढे जाऊन, ज्या निवासी भूखंडाला राहत्या इमारती लागून आहेत त्याचा औद्योगिक विभागात फेरबदल कोणत्याही स्थितीत विचारात घेतला जाणार नाही, असे धोरण म्हणून जाहीर करावे. तसे धोरण ठरेपर्यंत जर सुनावणी होणारच असेल, तर ती कामाच्या दिवशी भर दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला न ठेवता संध्याकाळी आमच्याच विभाग कार्यालयात ठेवावी. औद्योगिक विभागात कोणकोणते वापर अनुज्ञेय होतील याची पूर्ण मराठी यादी, वाहतुकीचा आणि आवाजाचा अभ्यास, आणि पूर्व उपनगरात सध्या वापराविना पडून असलेल्या औद्योगिक जमिनीची आकडेवारी सुनावणीच्या किमान पंधरा दिवस आधी आमच्या हाती द्यावी. आणि निर्णय काहीही झाला तरी तो सकारण असावा: प्रत्येक प्रमुख हरकतीला उत्तर असलेला, सही असलेला आणि सर्वांना वाचता येईल असा.

सुनावणीपूर्वी आपल्यापैकी कोणीतरी रात्री दहानंतर जागेवर यावे, सोबत ध्वनिमापक आणावा आणि तिन्ही बाजूंच्या इमारतींतून आजचा आवाज मोजून ते आकडे प्रस्तावाच्या कागदपत्रांना जोडावेत, अशीही विनंती आहे. कोणत्या गच्चीत आणि कोणत्या घरात मोजमाप घ्यायचे ते आपण ठरवावे. दारे उघडून द्यायला आमच्या तिन्ही संस्था तयार आहेत.

आपली,
पूर्व उपनगरातील एक रहिवासी